बोटाला कळलेला ‘भ’

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. कडेला चिरलेली, पण अजून ठणठणीत! बाभळीच्या एकाच ओंडक्यातून मला कोरलं आणि लंकाबाईनं मला तिसगावच्या बाजारातून घरी आणलं. माझ्यातच बाजरीचं पीठ मळायचं, माझ्यातच भाकरी थापायची. भाकरी टम्म फुगली की लोक लंकाबाईच्या हाताला नावाजायचे. माझं नाव कोण घेतं? ऊसतोडीला जाताना मलाही न्यायचे, आणि तिथं मी उन्हातान्हात पडून राहायचे.

लंकाबाईची लेक संस्कृती चौथीत गेली, तरी तिला वाचता येईना. ‘भात’ला ती ‘मात’ म्हणाली की वर्ग हसायचा. शेवटी शाळेचं नाव काढलं तरी पोर रडू लागली. लंकाबाईनं ठरवलं, यंदा हिला उसाच्या फडावर न्यायची, धाकट्या भावाला सांभाळील. मला फार वाईट वाटलं.

मग एक दिवस शाळेच्या आरतीबाई घरी आल्या. त्यांनी माझ्यात पीठ पसरलं आणि संस्कृतीचं बोट धरून मोठा ‘भ’ गिरवला. बोट फिरवायचं आणि तोंडानं म्हणायचं. ‘म’ची वरची रेघ सलग जाते, ‘भ’ची डावीकडं तुटते. डोळ्यांना जे कळत नव्हतं, ते बोटाला कळलं.

“अन्नात खेळू न्हाई, बाई,” लंकाबाई म्हणाली. आरतीबाईंनी पाणी मागितलं आणि तेच पीठ संस्कृतीकडून मळून घेतलं. भाकरी थापतानाही एकेका थापेला एकेक अक्षर, भा, क, री. वाया काहीच गेलं नाही, हे बघून लंकाबाईनं ती भाकरी तव्यावर टाकली. पुढं रोज स्वयंपाकाआधी हेच चालायचं. पोर चुकायची, रुसायची, पुन्हा बसायची.

दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक दारात आला. चुलती सविता पोरीला ठेवून घ्यायला तयार होती, पण आईविना ती भिईल म्हणून लंकाबाईचा जीव होईना. भांड्यांबरोबर मीही ट्रकात चढले. तेवढ्यात संस्कृती वर आली. तिनं माझ्यात मूठभर पीठ पसरलं, गिरवलं आणि बोट ठेवून वाचलं, “आई, मला भीती नाही.”

लंकाबाई कधी शाळेत गेली नव्हती. तिनं एका अक्षराला हळूच बोट लावलं. “ह्यो भ न्हवं का गं?”

मग डोळे पुसत तिनं मला खाली सविताच्या हातात दिलं. “ऱ्हाऊ दे हितंच. पोरीला लागंल.”

मित्रांनो, शेजारचं कुणी वाचताना अडखळलं तर हसू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचं बोट धरा, घाई करू नका. फडावरून लंकाबाईचा फोन येतो. परातीत भाकरी धड थापता येत नाही, असं ती सांगते. पण काठवट पाठवून द्या, असं ती अजून एकदाही म्हणालेली नाही.