भिजत घातलेला हॉपी वाडगा

"हे पाण्यात कोणी घातलं?"

शेषरावांनी बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून वाडगा बाहेर काढला.

"मी घातलं," चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या. "नवं गाडगं रातभर भिजवल्याबिगर वापरायला घेतेत व्हय?"

सेनगावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या शेषरावांनी उभी हयात हॉपी आदिवासींच्या मृद्भांड्यांचा अभ्यास केला होता. तोही निव्वळ छायाचित्रांवरून. अमेरिकेतल्या त्या रखरखीत पठारावर बायका चाकाविना मातीच्या वळ्या रचतात, गारगोटीने घोटून चकाकी आणतात, पाल्याच्या काढ्याने काळी नक्षी रेखतात आणि शेणाच्या आगीत भांडे भाजतात, हे ते रंगून सांगू लागले की स्टँडवरच्या हॉटेलात कोणीतरी विचारी, "सर, मंग आपल्या कुंभारानं काय घोडं मारलं?" वाद घालता घालता घसा बसे, पटत कोणालाच नसे. अखेर काल पुतण्या भागवतने ॲरिझोनाहून हा अस्सल वाडगा आणून हाती दिला. आयुष्यातला पहिला, आणि या वयात बहुधा शेवटचा.

"अगं, ह्याला पाणी चालत न्हाई. वरून नुसती घोटाई हाय. पाह्य, पोपडे सुटून राहिले."

वाडग्यात आतून रेखलेल्या पक्ष्याचा पंख कपच्याकपच्यांनी त्यांच्या तळहातावर उतरला होता.

"मातीच्या भांड्याला पाणी चालत न्हाई?" द्वारकाबाईंना ते खरेच वाटेना. "मंग केलं कशाला?"

"सारं तुला आताच सांगत बसू काय?"

"आता काहून? साऱ्या सेनगावाला सांगत फिरता, मला कवा सांगितलं? एवढा जीव लावून आणवलंय, तर त्यातच तुमाला दही लावून द्यावं म्हणलं."

शेषरावांच्या जिभेवर उत्तर तयार होते, चांगले घोटून गुळगुळीत केलेले. ते त्यांनी गिळले. अंगणात पंचा अंथरून त्यावर वाडगा उपडा ठेवला, तेव्हा तळहातावरच्या कपच्या खाली सांडल्या, आणि आत जाऊन ते खिडकीपाशी आडवे झाले.

दुपार कलली तसे ऊन सरकत पंच्याच्या काठाशी आले. शेषराव उठणार, तोच द्वारकाबाई बाहेर आल्या. ओले मडके उन्हात तडकते, एवढे त्यांना माहेरापासून ठाऊक होते. त्यांनी वाडगा पंच्यासकट दोन्ही हातांनी उचलून भिंतीच्या सावलीत नेला. मग खाली वाकून, अंगणात सांडलेल्या कपच्या एकेक वेचल्या आणि विरजणासाठी काढून ठेवलेल्या वाटीत जपून ठेवल्या.