फुकटचा दोरा

रफूवालीच्या दुकानात गिऱ्हाइकाला उभं राहायला जेमतेम पाऊलभर जागा होती, आणि तिला तीही जास्तच वाटायची. एक टेबल, एक खिडकी, खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची आणि भिंतीवर चिठ्ठ्या टाचून टांगलेले लोकांचे कोट. फाटलेलं कापड हातात आलं की ती ते उलटं करायची, आतली दुमड उसवायची आणि त्याच कापडाचा दोरा ओढून काढायची. त्या दोऱ्याने भोक असं भरायची की कोट नेमका कुठे फाटला होता, हे खुद्द मालकाला शोधावं लागे. विकतचा दोरा तिने कधी वापरला नाही. "भोक ज्या कापडाचं, दोरा त्याच कापडाचा हवा," असं ती गिऱ्हाइकाला बजावायची. गिऱ्हाईक मान डोलवायचं, कारण तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

बाई कुणाची मिंधी नव्हती. एकदा पावसात शेजाऱ्याने तिच्यावर कोपऱ्यापर्यंत छत्री धरली, तर दुसऱ्या दिवशी तिने त्याची छत्री मागवून घेतली आणि न फाटलेल्या कापडाला चार टाके घालून परत पाठवली. शेजाऱ्याने पुढे तिला पावसात पाहिलं की रस्ता बदलायला सुरुवात केली.

रविवारी ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराशी बसायची. प्रभुभोजनाची वेळ झाली की पाव आणि द्राक्षारस घ्यायला सगळे उठून पुढे मेजाकडे जायचे आणि ही मांडीवर पिशवी घेऊन बसून राहायची. एकोणीस वर्षं. नवे पाळक आले तेव्हा त्यांनी न राहवून विचारलं, "तुम्ही पुढे येत नाही?"

"अजून काम बाकी आहे," ती म्हणाली.

पाळक बिचारे नवखे. "मग आटपून घ्या, आम्ही थांबतो," असं बोलून बसले. तिने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

काम काय बाकी होतं ते तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. आई शेवटच्या आजारात हिच्याकडेच होती. औषधपाणी, उठवणं-बसवणं सगळं हिने केलं, आणि आईच्या तोंडी मात्र धाकटीचं नाव. "तिला कळवलंस का?" आईने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ही म्हणाली, "कळवलंय, येतेय ती." कळवलं नव्हतं. लहानपणापासून आईचं मन धाकटीकडे होतं, तेव्हा निदान हे शेवटचे दिवस तरी आपल्या एकटीचे असावेत असं तिला वाटलं. धाकटी पोचली तेव्हा कबरीवरची माती सुकली होती. ती चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "ताई, झालं ते झालं. मी माफ केलं तुला."

"फुकटची माफी नको मला," रफूवाली म्हणाली होती. "मी फेडीन."

तेव्हापासून दर बुधवारी धाकटी पिशवीतून घरातलं फाटकंतुटकं घेऊन यायची, मोजे, स्वेटर, उशांचे अभ्रे, आणि रफूवाली ते जीव ओतून नीट करायची. चर्चच्या मेजावरचं पांढरं कापडही तीच सांभाळायची. आपल्याला मेजापर्यंत जायला तोंड नाही, पण निदान आपल्या हातचं काम तिथे आहे, एवढ्यावर तिने एकोणीस वर्षं काढली. कधीतरी पुरेसं होईल आणि मग आपण उठू, असा तिचा बेत होता. पुरेसं म्हणजे किती, हे मात्र तिने ठरवलं नव्हतं.

आणि अशात डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मागचं आहे, यावर शस्त्रक्रिया नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. "सध्या सवड नाही," म्हणून एकेक कोट परत करत गेली. भिंत रिकामी होत आली तेव्हा पाळक मेजावरचं कापड घेऊन आले. मेणबत्ती कलंडून बटणाएवढं भोक पडलं होतं, आणि या रविवारी प्रभुभोजन होतं.

याला नाही म्हणणं तिला जमलं नाही. पाळक गेल्यावर तिने कापड उलटं केलं आणि बोटांनी दुमड चाचपली. दुमड उरलीच नव्हती. एकोणीस वर्षांत चारी बाजूंचा दोरा तिनेच ओढून संपवला होता. आणखी एक दोरा काढला असता तर काठच सुटला असता. ती तशीच बसून राहिली. तिला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. आता आपल्याकडे द्यायला काहीच नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

बुधवारी दुपारी धाकटी आली तेव्हा ती टेबलावर हात फिरवत होती.

"काय शोधतेस?"

"सुई."

"कॉलरला टोचलीय तुझ्या." धाकटीने पिशवी खाली ठेवली. "ताई, तुला दिसत नाही का?"

"दिसतं. दुपारचं जरा कमी दिसतं."

"आणि सकाळी?"

"सकाळीही जरा कमीच."

धाकटीने कापड उचललं, काठ पाहिला, भोक पाहिलं, आणि आल्या पावली निघून गेली. अर्ध्या तासाने परतली ती एक घडी घेऊन. रफूवालीने घडीला हात लावला आणि तिला न बघताच कळलं. आईने एकदा पांढऱ्या कापडाचा तागा आणला होता. अर्ध्याचं चर्चला मेजाचं कापड केलं आणि अर्धा धाकटीला दिला होता. थोरलीला काही नाही, कारण थोरली आपलं आपण बघून घेईल.

"हे मोडायचं नाही," रफूवाली म्हणाली. "हे तुझं आहे."

"माझंच आहे, म्हणून तर आणलं." धाकटी दोरा ओढायला लागली होतीसुद्धा. "एकाच ताग्यातलं आहे, जुळेल."

"मग याच्या बदल्यात..."

"बदल्यात काय देणार आहेस? सुई सापडत नाही तुला."

"तो स्वेटर ठेवून जा. चाचपत करीन. तेवढं तरी करू दे मला."

धाकटी हसली. मग हसायची थांबली. "ताई, तो स्वेटर मी काल खिळ्याला अडकवून फाडलाय."

"मुद्दाम? का?"

"घरात फाटकं काही उरलं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांतच संपलं सगळं. पण पिशवीत काही असल्याशिवाय तू धड बोलायची नाहीस, बसही म्हणायची नाहीस. मग काय करणार? खिळा झिजला, पण तू काही बधली नाहीस."

रफूवालीला आधी राग आला. सतरा वर्षांचे टाके! रात्र रात्र डोळे फोडून घातलेले, आणि कुणाला त्यांची गरजच नव्हती. मग तिला लाज वाटली, आणि लाज रागापेक्षा जास्त वेळ टिकली.

"मूर्ख बनवलंस मला," ती म्हणाली.

"बनवलं. माफ कर."

"मी? मी तुला माफ करू?"

"कर की. फुकट तर आहे." धाकटीने दोरा उजेडात धरून सुईत ओवला. "मी त्या पाचव्या दिवशीच केलं होतं. तू घेतलंच नाहीस. घे ना आता, माझा हात भरून आलाय."

रफूवालीने ओवलेली सुई घेतली. टाके मात्र धाकटीलाच घालावे लागले. रफूवाली बोटाने जागा दाखवत होती आणि मधूनमधून करवादत होती. काम ओबडधोबड झालं. कापडावर चांगलं टेंगूळ उठलं.

रविवारी ते टेंगूळ मेजाच्या ऐन मधोमध आलं. सगळे उठले तशी रफूवालीही उठली. धाकटीने मागून तिचा दंड धरला होता. पुढे पोचल्यावर तिने वाकून आधी मेजावर हात फिरवला, टेंगूळ सापडलं, तेव्हा तिचा जीव जरा थाऱ्यावर आला.

पाळकांनी पावाचा तुकडा पुढे केला. तिने हात पुढे केला खरा, पण जन्मभर सुई धरलेला तो हात, अंगठा आणि बोट चिमटीतच मिटलेले. पाळक थांबले. "हात उघडा," ते हळूच म्हणाले.

तिने एकेक बोट उघडलं. तळहात रिकामा होता. असा रिकामा हात तिने कधी कुणापुढे केला नव्हता. तिने विचारलं, आणि शांततेत ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, "फुकट?"

"फुकट," पाळक म्हणाले.

ती तरीही घुटमळली. तेव्हा मागून धाकटी म्हणाली, "ताई, घे आणि पुढे सरक. मागे रांग आहे."

रफूवालीने घेतला, आणि पुढे सरकली.