आणखी आठ गोळ्या

हर्षाला पाळी येत नाही, याचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला असेल, तर तो तिच्या सासूला. रुखमाबाई हे तोंडाने कधी बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभं राहून त्या बोटांची पेरं मोजत होत्या, तेव्हा सगळं जुळून आल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. महालक्ष्म्यांना सोळा दिवस उरले होते. धाकटी सून दीप्ती, तिची तारीख बरोबर पूजेच्या आदल्या दिवशीची, म्हणजे ती बाद. स्वतःचे गुडघे असे की पाटावरून उठायला माणूस लागायचा, म्हणजे त्याही अर्ध्या बाद. उरली थोरली, हर्षा. आणि हर्षा कधी बाद होतच नव्हती.

महाल भागातल्या त्या गल्लीत सात घरी महालक्ष्म्या बसायच्या. दर भादव्यात कोणाच्या तरी सुनेचं ऐनवेळी निघायचं आणि मग धावाधाव. कोणी कुहीहून बहीण बोलवायचं, कोणी स्वयंपाकीण ठरवायचं, आणि हुशार घरातल्या सुना आठ दिवस आधीच मेडिकलमधून तारीख पुढे ढकलायची गोळी आणून गुपचूप गिळायच्या. रुखमाबाईंना नऊ वर्षांत यातलं काही करावं लागलं नव्हतं. सोवळ्याचं लुगडं नेसून हर्षा पहाटे चुलीशी बसली की सोळा भाज्या, आंबील, पुरण, वडे, कढी असं सगळं करूनच उठायची. ‘आमच्या थोरलीची अडचणच नसते बाप्पा,’ असं त्या बहिणीला फोनवर सांगायच्या. आणि त्याच फोनवर, आवाज जरा खाली आणून, नऊ वर्षं झाली पण मोठ्याच्या घरी पाळणा नाही, हेही सांगायच्या. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण एक गोष्ट सोयीची होती आणि एक गैरसोयीची, म्हणून त्यांनी त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या.

हर्षा कळमन्याला एका धरमकाट्यावर नोकरीला होती. ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, पावती फाडायची, पुढचा ट्रक. लग्नाच्याही आधीपासून, बारा वर्षं. एखादं चाक काट्याबाहेर ठेवणारे, रिकाम्या गाडीच्या वजनाला क्लीनरला आत झोपवणारे, सगळे तिला खिडकीतून ओळखू यायचे. भैयाजी नावाचे काट्याचे मालक म्हणायचे की ही बाई बसलेली असली की ड्रायव्हर आधीच खाली उतरून हात जोडतो.

पाळीची गोष्ट एकोणिसाव्या वर्षापासूनची. आधी तीन-तीन महिने, मग सहा-सहा, मग वर्षातून एखाद्या वेळी. हनुवटीवर केस आले, अंग सुटलं. माहेरी पारशिवनीला आईने काढे पाजले, लग्न झालं की होईल सुरळीत म्हणून सांगितलं. लग्न झालं आणि सुरळीत एकच गोष्ट झाली, सासूचा स्वयंपाक. यंदाच्या उन्हाळ्यात ती स्वतःच धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं: पीसीओएस म्हणतात, बीजं आहेत, भरपूर आहेत, पण एकही पूर्ण पिकत नाही, पिकत नाही म्हणून फुटत नाही, फुटत नाही म्हणून पाळीही नाही आणि मूलही नाही. यात तुमचा दोष काही नाही, असंही म्हणाल्या. हे वाक्य हर्षाने नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, आणि बाहेर येऊन ती स्कूटीवर बराच वेळ किल्ली न लावता बसून राहिली.

उपाय सोपा होता, वेळ साधणं अवघड होतं. आधी दहा दिवस एक गोळी. ती थांबवली की तीन-चार दिवसांत पाळी येणार. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस दुसरी गोळी, बीज पिकवणारी. बाराव्या दिवशी सोनोग्राफी. बीज पिकलेलं दिसलं की पुढच्या दोन-तीन दिवसांत नवरा घरी हवा. आणि हर्षाचा नवरा, मुकुंद, विजेचे टॉवर उभे करणाऱ्या कंपनीत आसामकडे होता. वर्षातून दोनदा सुट्टी. यंदाची दुसरी महालक्ष्म्यांसाठी, पंचवीस दिवसांची. डॉक्टरीणबाईंनी पंचवीस दिवसांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाल्या की बरोबर बसतंय, फक्त एक दिवसही इकडेतिकडे करू नका.

त्यात पूजेचा दिवस पाळीचा चौथा येत होता. हर्षाने ते घरी लपवलं नाही. यंदा मले जमणार नाही, एखादी स्वयंपाकीण पाहा, असं तिने सरळ सांगितलं. दीप्ती म्हणाली, “ताई, मंग आपण दोघी वर बसू, मस्त पिक्चर पाहू,” आणि हसली. रुखमाबाई हसल्या नाहीत. त्या कॅलेंडरसमोर जाऊन पुन्हा पेरं मोजायला लागल्या.

मुकुंद पूजेच्या आठ दिवस आधी आला. दोन दिवसांनी हर्षाची दहावी गोळी होती. त्या संध्याकाळी तो हातात गोळ्यांची नवी पट्टी घेऊन आला, पलंगावर बसला आणि म्हणाला, “मी आज डॉक्टरले फोन केला होता. त्या म्हणे आणखी आठ दिवस घ्या. मंग चांगलं साफ येईन.”

हर्षाला संशय आला नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा या माणसाने स्वतः होऊन तिच्या दुखण्यासाठी कोणाला फोन केला होता. कोणती गोळी, किती, कधी, हे त्याच्या तोंडून ऐकताना तिला वाटलं की आता आपण दोघं आहोत. काट्यावरून डॉक्टरांना फोन लावायचा तर हॉर्नच्या गोंगाटात ऐकूही यायचं नाही. त्याने लावला, बरं झालं. पावतीवरचं पाव क्विंटलही न सोडणाऱ्या बाईने ती पट्टी उशाखाली ठेवली आणि रोज रात्री जेवण झालं की एक घेतली.

पाळी आली नाही. त्यामुळे स्वयंपाकीण सांगितली गेली नाही.

पूजेच्या दिवशी दीडशे माणसं जेवली. दीप्ती वरच्या खोलीत होती, तिचं ताट वर जात होतं. हर्षा पहाटे साडेतीनपासून चुलीपुढे. तेलाच्या वाफेत तिच्या हनुवटीवरचे बारीक केस चिकटून गेले होते. महालक्ष्म्यांच्या पुढ्यात त्यांची दोन लेकरं, म्हणजे बाहुल्या, बसवलेली, एकाला टोपी, एकीला फ्रॉक. ते कपडे शिवायचं कामही दर वर्षी हर्षाचंच. समोरच्या इंदुताई जेवून हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “एवढं करून राहिली वं तू दर साली. देवी काहून पाहून नाही राहिली कोण जाणे.” मग आपण काहीतरी गोड बोललो अशा चेहऱ्याने पान खायला निघून गेल्या. आरतीच्या वेळी रुखमाबाई देवीपुढे पदर पसरून रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. आपण सोवळ्याचं मोडलं नाही, आता देवी मोठ्याच्या घरी पाळणा हलवेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. खोटं रडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

गोळ्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली. दुसऱ्या दिवशी हर्षा धंतोलीला गेली, जवळजवळ आनंदात. डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली, तारीख पाहिली, पुन्हा पाहिली.

“आठ दिवस उशीर कसा झाला?”

“तुम्हीच सांगतलं नं मॅडम, आणखी आठ गोळ्या घ्याले. यांनी फोन केला होता.”

“मला कोणाचा फोन नाही आला,” त्या म्हणाल्या. “आणि मी असं सांगणारच नाही. ही गोळी चालू असेपर्यंत पाळी येत नाही. सणासुदीला बायका याच गोळ्या घेतात, तारीख पुढे ढकलायला.”

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. टेबलावरच्या कॅलेंडरवर त्यांनी बारावा दिवस मोजला आणि मिस्टर आहेत ना, असं विचारलं. बाराव्या दिवशी सकाळी मुकुंदची गाडी होती. चार दिवस सुट्टी वाढवता आली तर अजून जमेल, त्या म्हणाल्या. हर्षाने मान हलवली, दुसऱ्या गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि जिना उतरून सरळ घरी निघाली.

घरी रुखमाबाई स्वयंपाकघरात देवीचे पितळी मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होत्या. मुकुंद पाटावर बसून चहा पीत होता. हर्षा चपला काढून सरळ आत आली. रुखमाबाईंनी हात आडवा केला.

“अवं, दुसरा दिवस आहे तुहा. शिवू नको.”

हर्षा खाली बसली. तिने दुसरा मुखवटा उचलला, मांडीवर घेतला आणि कापडाने पुसायला लागली. रुखमाबाईंचा हात तसाच हवेत राहिला.

“डॉक्टरले फोन कोणी केला होता?” तिने मुकुंदला विचारलं. वर पाहिलं नाही.

मुकुंदने कप खाली ठेवला. आधी तो म्हणाला की नंबर लागला नव्हता. मग म्हणाला की मेडिकलवाल्याला विचारलं होतं, त्याने सांगितलं की आठ दिवसांनी काही फरक पडत नाही. मग आईकडे पाहिलं. आई म्हणाली होती, सण तेवढा पार पडू दे, मग तुमचं काय ते करा.

“आठ दिवसानं काय आभाळ पडते?” रुखमाबाई म्हणाल्या. “नऊ वर्स थांबली, आठ दिवस नाही थांबवत? मी काय माह्यासाठी केलं? तुह्याच पोटासाठी केलं नं. देवीचं मोडून कोणाचं भलं झालं?”

“आई,” हर्षा म्हणाली, “मले पाळी येत नव्हती म्हणून तुमच्या देवीले मी चालली. अन् पाळी येत नव्हती म्हणून पोर नाही झालं, ते बी तुम्ही गावभर माह्याच नावानं सांगतलं. चूल माही, अन् वांझ बी मीच. आता पाळी यावी म्हणून मी गोळ्या खाल्ल्या, तं ते बी तुम्हीच थांबवली. तुमच्या घरात माह्या अंगाचं काही माह्यासाठी होते का कधी?”

हर्षाने मुखवट्याच्या डोळ्यांतलं कुंकू कापडाच्या कोपऱ्याने पुसून काढलं, नीट, घाई न करता. मग तो गुंडाळून पेटीत ठेवला आणि झाकण स्वतः लावलं. दीप्ती दारात येऊन उभी होती. तिने आपल्या पोराला मागे ओढलं.

“चार दिवस वाढवून घ्या,” हर्षा मुकुंदला म्हणाली. “तेवढंच मांगते.”

त्याने विचारतो म्हणून सांगितलं. संध्याकाळी बाहेरून आल्या आल्या, तिने विचारायच्या आतच, साहेब नाही म्हणाले, असं सांगून टाकलं. न विचारता खाली उतरणाऱ्या ड्रायव्हरांच्या गाड्यांत काहीतरी खोट असतेच हे हर्षाला बारा वर्षं माहीत होतं. तिने त्याचा फोन मागितला नाही. त्या रात्रीपासून ती खाली, समोरच्या खोलीत झोपली. पहाटेचा त्याचा चहा दीप्तीने केला.

दुसऱ्या गोळ्या तिने तरीही घेतल्या, पाचही. दीप्तीने हळूच विचारलं, ताई, भाऊजी तर जाऊन राहिले, मग आता कायले? हर्षा म्हणाली, “मले पाहाचं आहे, माह्यात होते का नाही होत.”

बाराव्या दिवशी मुकुंद सकाळी सहाच्या गाडीने गेला. दारात रुखमाबाईंनी हातावर दही घातलं, सुशील, म्हणजे धाकटा भाऊ, त्याला स्टेशनवर सोडून आला. हर्षा साडेदहाला धंतोलीत टेबलावर पडली होती. डॉक्टरीणबाई पडद्याकडे पाहत यंत्र फिरवत होत्या, आणि एका जागी थांबल्या. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. राखाडी पसाऱ्यात एक काळा, गोल, स्वच्छ कडेचा ठिपका होता. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. एकोणीस मिलिमीटर.

“पिकलंय,” त्या म्हणाल्या. त्यांनाही आनंद झाला होता. “पहिल्याच डोसला. उद्यापर्यंत फुटेल. मिस्टर बाहेर आहेत?”

“गोंदियाच्या पुढं गेले असतील,” हर्षा म्हणाली. “थोडा वेळ दिसू द्या न मॅडम.”

डॉक्टरीणबाईंनी हात हलवला नाही. पंखा फिरत होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाने एक काम शेवटपर्यंत केलं होतं, आणि घरातल्यांपैकी ते ती एकटीच पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ती काट्यावर होती. दुपारी मिरचीचा एक ट्रक चढला आणि तिच्या ओटीपोटात डाव्या बाजूला बारीक कळ आली. ती उठून खिडकीची चौकट धरून उभी राहिली. ड्रायव्हरने पावतीसाठी हात पुढे केला होता, तो तिचा चेहरा पाहून मागे घेतला.

रुखमाबाईंचा सण सोवळ्यात पार पडला होता. मुकुंदला आईचं मन मोडावं लागलं नव्हतं, आणि पुढची सुट्टी उन्हाळ्यात होती. दीप्तीला चार दिवस आयतं ताट मिळालं. इंदुताईंच्या घरी आंबील डब्यातून गेली, ती दोन दिवस पुरली. कळ मिनिटभर राहिली आणि गेली, आणि ती फक्त हर्षाला आली.