मात्रेखालचा स्विच

शिवकुमारनं सकाळपासून टेबलावर कीबोर्डच्या स्विचचा बाजार मांडला होता. लाल, तपकिरी, निळे, पिवळे; कुरियरनं आलेल्या नमुन्याच्या पट्टीवर रांगेत बसवलेले. एकेक दाबायचा, आवाज ऐकायचा, मान हलवायचा. मुलगी बघायला गेलेला मामासुद्धा इतकी नाकं मुरडत नसेल.

सोनपेठला घराच्या पुढच्या खोलीत त्याचं टायपिंगचं काम चालायचं. कीबोर्ड त्यानं स्वतः सुटे भाग मागवून जुळवलेला. बटनाखालचा स्विच चिमट्यानं उपटून बदलता येणारा. त्याचा त्याला भारी तोरा होता. पण हल्ली एक मात्रा दाबली की दोन उमटत होत्या. परवा एकाच्या अर्जात पेडगावचं पैडगाव झालं. तो माणूस हसून म्हणाला, "सायेब, आमचं गावच बदलून टाकलं की!" शिवकुमारही हसला, पण अर्ज पुन्हा छापण्याआधी त्यानं तो तीनदा तपासला.

मात्रा डाव्या हाताच्या अनामिकेनं दाबली जाते. आणि त्याच्या वडिलांचा, वीरुपाक्षअप्पांचा कंपवात डाव्या हातापासूनच सुरू झाला होता. पूजेला डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसले की ते थरथरायचं. मग आई, मल्लम्मा, समोर बसून त्यांच्या हाताखाली आपला हात धरायची. पुढं पुढं अप्पांचा घासही तोंडापर्यंत पोचेना.

स्विच जुना झाला की एका दाबात दोनदा उमटतो, ही गोष्ट खरी होती. शिवकुमारला हवं होतं ते एवढंच, की आत्ताही तीच खरी असावी.

बायको, वैजयंती, चहा घेऊन आली. "आवो, कवापासून निवडायलाव? लोकं हलके मागतेत, आन् तुमी सगळ्यात जड कायला धरलाव?"

"जड असला की चुकून दबत न्हाई."

"पर कीबोर्ड बिघडला म्हणून कुनाचा फोन आला की तुमीच तर सांगता, आधी दोन स्विचची अदलाबदल करून बघा म्हणून. खराबी स्विचची असंल तर त्याच्यासंगं दुसऱ्या बटनावर जाईल."

"आन् न्हाई गेली तर?"

तोंडातून निघून गेलं. वैजयंती त्याच्याकडं बघतच राहिली. ती या घरात आली तेव्हा अप्पा केव्हाच अंथरुणाला खिळले होते. सुरुवात कशी झाली ते तिला ठाऊक नव्हतं. चहाचा कप टेबलावर ठेवून ती आत गेली.

आता सुटका नव्हती. त्यानं चिमटा घेतला. मात्रेचा स्विच 'त'खाली बसवला, 'त'चा मात्रेखाली. 'त' उजव्या हाताचा. आता 'त' दोनदा उमटला की सुटलो, असं म्हणत त्यानं टाइप केलं: तात, तात, तात. सगळे 'त' एकटे, शहाण्यासारखे. मग सोनपेठ लिहिलं. स्वच्छ आलं. पुन्हा लिहिलं, स्वच्छ आलं. जीव भांड्यात पडला. तिसऱ्यांदा 'पे'वर दुसरी मात्रा येऊन चिकटली.

हाही स्विच जुनाच झाला असणार, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि सगळ्या बटनांसाठी सगळ्यात जड स्विच मागवून टाकले. डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला मात्र त्यानं उजव्या हातानं उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूजेला बसला. हल्ली तो पूजा घाईघाईत उरकायचा, तीही भिंतीकडं तोंड करून. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्यानं नजर लावली, तोच मागं पाट सरकल्याचा आवाज झाला. मल्लम्मा त्याच्या आणि भिंतीच्या मधे येऊन समोर बसली. तिनं आपला सुरकुतलेला हात पुढं केला आणि त्याच्या तळहाताखाली अलगद धरला. इष्टलिंग स्थिर झालं.

"आई, स्विच खराब झालाय गं," तो म्हणाला.

"व्हय रं बाबा," ती म्हणाली, आणि तिनं हात काढला नाही.