देंडेराच्या देवळात ऊन नेणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. एक म्हणतो खरा, पण गेल्या हिवाळ्यापासून मी दोन आहे. हे कसे झाले ते सांगायचे तर अगदी जन्मापासून सुरुवात करावी लागेल, कारण फुटण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती.

माझी काच कैरोच्या एका कारखान्यात ओतली गेली. तिथून गवतात गुंडाळून मला नाईलच्या काठाकाठाने दक्षिणेला, एदफू गावी आणले. तिथल्या सुताराने मला एका नवरीच्या कपाटाच्या दारात बसवले. तेव्हा मी चांगला पुरुषभर उंच होतो. माझ्यात पहिल्यांदा डोकावली ती वहीबा, जिच्या लग्नासाठी ते कपाट केले होते. ती इतकी जवळ आली की तिच्या श्वासाने मी धुरकटलो. तिने बाहीने मला पुसले, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि स्वतःलाच जीभ काढून दाखवली. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

वहीबाचे सासर होते देंडेराला. कपाट आगगाडीने केना शहरापर्यंत आले आणि तिथून पूल ओलांडून गाढवाच्या गाडीवर चढले. पुढे ढोलकीवाले, मागे जीभ हलवत आनंदाने ललकारणाऱ्या बायका, अशी आमची वरात निघाली. गाव नजरेच्या टप्प्यात आले आणि कालव्यावरच्या मोरीवर चाक घसरले. कपाट कलंडले आणि मी खळ्ळकन फुटलो. ढोलकी थांबली.

नवरीचा आरसा वेशीवर फुटला म्हटल्यावर दुसरीकडे लोकांनी कपाळाला हात लावला असता. पण इथली रीत निराळी. वहीबाची सासू दोन्ही हात वर करून ओरडली, "अरिष्ट फुटलं!" लगेच सगळी वरात ओरडली, "अरिष्ट फुटलं!" पेला फुटो की मडके, इथे सगळे हेच म्हणतात. तुमच्यावर येणारे वाईट त्या वस्तूने अंगावर घेतले आणि तीच फुटली, आता तुम्ही सुटलात, असा त्याचा अर्थ. ढोलकी पुन्हा सुरू झाली. वहीबा मात्र बुरख्याआड मुसमुसत होती. माझा हातभर लांबीचा एकच तुकडा शाबूत राहिला होता.

तिचा नवरा शाझली देंडेराच्या प्राचीन देवळात नुकताच राखणदार म्हणून लागला होता. चार दिवसांनी त्याने मला हातात घेऊन फिरवून पाहिले.

"हा तुकडा मला देतेस?"

"वा! आणि नव्या नवरीनं काय घड्यातल्या पाण्यात तोंड बघायचं?"

"महिनाभरच गं. देवळात काम आहे."

"देवळात दगडाच्या बायका आहेत. त्यांना कशाला आरसा?"

"तू ये तर खरी. तुझा आरसा तिथं काय करतो ते मी स्वतः दाखवीन. माझा शब्द."

त्याने केनाच्या बाजारातून तिला तळहाताएवढा आरसा आणून दिला आणि मला बाभळीच्या चौकटीत ठोकून बसवले. मित्रांनो, तो महिना छत्तीस वर्षांचा झाला.

आता माझ्या कामाविषयी सांगतो. देंडेराचे देऊळ हाथोर देवीचे. गाणे, नाच, प्रेम आणि नटणेमुरडणे यांची ही देवी. तिचा चेहरा बाईचा आणि कान गायीचे. दोन हजार वर्षे झाली, तरी देवळाचे छप्पर जागेवर आहे. छप्पर आहे म्हणून आत अंधार, आणि देवळाचे तोंड उत्तरेला, त्यामुळे ऊन आपल्या पायांनी आत येत नाही. ते मी न्यायचो. शाझली अंगणात उन्हात उभा राही, मला तिरपे धरी आणि मी पकडलेले ऊन दारातून आत सोडी. आधी खांब दिसत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चारी बाजूंना देवीचे चार चेहरे आहेत. मग ऊन छताकडे चढे आणि तिथला निळा रंग उघडा पडे. पाहुण्यांच्या तोंडून आपोआप "आह!" निघे. ती दाद माझी, असे मी धरून चालत असे. शाझली मला किंचित हलवी आणि भिंतीला घासून जाणाऱ्या त्या उन्हात कोरलेली बोटे, कंकणे आणि पक्ष्यांची पिसे दगडातून वर येत. समोरून मारलेल्या उजेडात ती तशी कधीच दिसत नाहीत.

या देवळात दोन जिने आहेत. जुन्या काळी नवीन वर्षाच्या दिवशी पुजारी देवीची मूर्ती खांद्यावर घेऊन एका जिन्याने गच्चीवर जात. तिथे तिला उन्हाचा स्पर्श झाला की दुसऱ्या जिन्याने खाली आणत. वर्षातून एकदा ते देवीला उन्हाकडे नेत आणि मी रोज ऊन तिच्याकडे नेत होतो. सांगा, मोठे कोण? गर्व वाईट हे मला कळते, पण मी आरसाच आहे, स्वतःकडे पाहणाऱ्यांतच माझा जन्म गेला.

फक्त एका जागी माझे काही चालत नसे. आतल्या एका दालनाच्या उजव्या हाताला एक छोटी कोठडी आहे. ऊन सरळ जाते, कोपऱ्यावर वळत नाही. एकदा शाझलीने दालनात चहाचे तबक धरून ते वळवून पाहिले, तर आत पाणचट चहासारखा उजेड पडला. दुसरा आरसा आणायचे तो कधीकधी बोले, पण राहून जाई. मनातल्या मनात मला बरेच वाटे. त्या कोठडीत एक राजा देवीला नजराणा देताना कोरला आहे. त्याच्या दोन्ही हातांत एकेक आरसा आहे. विजेरीच्या उजेडात तो पाहून शाझली दरवेळी म्हणे, "एक पुरला असता की. दोन कशाला?"

वहीबाचा भाऊ बेशीर एदफूच्या देवळावर राखणदार होता. तो आला की चौकीत काळ्या, गोड चहाबरोबर एकच भांडण रंगे, की कुणाचे देऊळ भारी? पूर्वी दरवर्षी देंडेराची देवी नावेत बसून एदफूच्या होरस देवाला, म्हणजे आपल्या नवऱ्याला भेटायला जात असे.

"तुम्ही मुलीकडचे," बेशीर म्हणे, "आवाज खाली ठेवून बोलायचं."

"आणि माझी बायको कुठली? एदफूची! चालत आली ना इकडं? झाली फिट्टंफाट."

"तुमच्या गच्चीवरच्या खोलीच्या छतात कोरलेलं आकाश तर परक्यांनी कापून नेलं. आहे ती नक्कल."

"आकाश चोरावंसं वाटलं, म्हणजे केवढं सुंदर असेल! तुमचं काय नेलं रे कुणी?"

"आमचा होरस दगडी ससाण्याच्या रूपात मुकुट घालून अंगणात उभा आहे. कुणाची हिंमत आहे?"

फिलीच्या देवळाचे दोघांनाही कौतुक होते. धरणाच्या पाण्यात बुडणारे ते देऊळ दगड दगड सुटा करून शेजारच्या बेटावर पुन्हा उभे केले आहे. "बिऱ्हाड हलवलं, पण एक भांडं हरवलं नाही," असे शाझली म्हणे. अबिडोसचे कोरीव काम सगळ्यात नाजूक, हेही दोघांना मान्य होते, मात्र तिथला राखणदार समोर नसेल तरच. एकदा पाहणीला आलेल्या एका साहेबांचा चष्मा पडून फुटला. सगळे राखणदार सवयीने आनंदाने ओरडले, "अरिष्ट फुटलं!" साहेबांना वाटले, अरिष्ट म्हणजे आपण. पुढचे दोन दिवस देवळात कुणी मोठ्याने हसले नाही.

आणि वहीबा? देऊळ तिच्या घरापासून वीस मिनिटांवर, पण ती कधी आलीच नाही. सकाळी कणीक मळायची, मातीच्या थाळ्यांवर गोळे मांडून उन्हात फुगवायचे आणि मग भट्टीत भाकरी भाजायची. म्हशीचे करायचे, मुलगा झैदान आणि त्याच्या बहिणींचे करायचे. शाझली म्हणे, "उद्या ये." ती म्हणे, "देऊळ काय पळून जातंय? दोन हजार वर्षं बसलंय, अजून चार दिवस बसेल."

मग देवळात विजेचे दिवे आले. कळ दाबली की उजेड. मित्रांनो, मी तक्रार करणार नाही. दिव्यांमुळे पुष्कळांची सोय झाली. पण मी चौकीत चहासाखरेच्या डब्यांमागे गेलो. धूळ बसली, कडेला काळे डाग पडले. कधी कुणी मिशी नीट करायला मला बाहेर काढी, तेवढेच. निळे छत मी बारा वर्षे पाहिले नाही.

डब्यांमागे असलो तरी ऐकू येत होतेच. गेल्या हिवाळ्यात शाझली साठीला आला, निवृत्तीचा गुरुवार ठरला. त्याच आठवड्यात तो वहीबाला घेऊन केनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला आणि चौकीत नुसताच बसून राहिला. सोबत्याने विचारले तेव्हा म्हणाला, "निळं पाणी आहे म्हणे तिच्या डोळ्यांत." डोळ्यांच्या त्या आजाराला इथे निळे पाणी म्हणतात. त्यात नजर कडेकडेने मिटत जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपायची. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं तिला," तो म्हणाला. "आणि मी तिला शब्द दिलाय." त्याचे डोळे भरून आले होते. शब्द पाळायला आता त्याच्याकडे एकच गुरुवार उरला होता.

गुरुवारी दुपारी वहीबा आली. काळी शाल, हातात भाकरीचे गाठोडे, सोबत एदफूहून खास आलेला बेशीर. चौकीसमोर गाठोडे ठेवताना म्हणाली, "आले बाबा एकदाची. आता मागे लागू नकोस." मी डब्यांच्या फटीतून तिला पाहिले. केस पांढरे झाले होते, पण इकडेतिकडे बघायची तऱ्हा तीच होती.

तिघे आत गेले. तिथे काय झाले ते मला नंतर कळले, कारण पुढे कित्येक दिवस घरात तेच बोलणे होते. शाझलीने तिला थेट त्या कोठडीत नेले. आत जमिनीवर एक पांढरा दिवा होता. त्याचा झोत समोरून भिंतीवर पडला, तिच्या डोळ्यांत गेला. तिने डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली.

"छान आहे," ती म्हणाली.

छत्तीस वर्षांच्या संसारात वहीबा ज्याला नुसते 'छान' म्हणाली, ते तिला कधी आवडलेले नव्हते. शाझलीने हळूच विचारले, "दिसलं का गं?"

"भिंत दिसली. मोठी आहे. चल आता, बेशीर भुकेला असेल."

शाझली वळला आणि साठीचा माणूस धावत सुटला. चौकीत येऊन त्याने डबे बाजूला लोटले आणि मला ओढून काढले. बाहीने पुसले. आम्ही अंगण ओलांडले. त्या दाराचा उंबरा जरा उंच आहे. छत्तीस वर्षे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आला, "उंबरा सांभाळा." त्या दिवशी त्यालाच कुणी सांगितले नाही. पाय अडखळला, चौकट निसटली आणि मी दगडावर आपटलो.

शाझली गुडघ्यांवर बसून माझ्याकडे पाहत राहिला. मग आतून, पार खोल अंधारातून, खणखणीत आवाज आला.

"अरिष्ट फुटलं!"

वहीबाला दिसत कमी होते, ऐकू चांगले येत होते.

शाझलीने वाकून मला उचलले. आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. चौकट मोडली होती आणि माझे बरोबर दोन तुकडे झाले होते. तो दोन्ही हातांकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला.

"बेशीर! इकडे ये! हा धर आणि अंगणात सावली संपते तिथं जाऊन उभा राहा."

दिवे मालवले. बेशीर आपल्या शालीच्या पदरात मोठा तुकडा धरून उन्हात उभा राहिला. आतून शाझली ओरडत होता, "डावीकडे! एदफूवाल्या, डावीकडे! वर नको, तुमचा ससाणा नाहीये तिथं!" मी ऊन पकडले आणि सोडले. ते खांबांमधून, दालनांमधून सरळ आले आणि दुसऱ्या मलाच भेटले. शाझलीने मनगट वळवले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी कोपऱ्यावर वळलो.

कोठडीत ऊन शिरले, भिंतीला घासत गेले आणि दगड जागा झाला. आधी देवीचा गायीचा कान, मग गाल, मग हसू. मग राजाचे पुढे आलेले दोन हात आणि त्यांत दोन आरसे. वहीबा पुढे झाली. भिंतीला हात न लावता, तिच्या त्या नळीएवढ्या नजरेने तिने सगळे एकेक करून पाहिले. किती वेळ पाहिले! बेशीरचे हात भरून आले, तो बाहेरून कुरकुरू लागला. अखेर ती वळली. गालांवर पाणी होते, पण डोळे मिस्कील झाले होते.

"बघ," ती शाझलीला म्हणाली, "राजा असून बाईला दोन-दोन आरसे आणून देतोय. आणि तू? होता तो पण घेऊन गेलास!"

शाझलीचा हात हसण्याने हलू लागला आणि ऊन सगळ्या भिंतीवर नाचले. "आता झाले की दोन," तो म्हणाला. "घे बाई. छत्तीस वर्षं उशीर झाला."

असा मी घरी परत आलो. कडा घासून मला दोन चौकटींत बसवले आहे. एक मी खिडकीत असतो, दुसरा मी समोरच्या भिंतीवर. सकाळचे ऊन आम्ही एकमेकांकडे देतो आणि चुलीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वळवतो. तिथे वहीबा कणीक मळते. कणकेतला खडा तिला अजून दिसतो.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे, मित्रांनो. जुन्या भिंतींना हात लावू नका, जुने आरसे कोरड्या मऊ फडक्याने पुसा, हे तर आहेच. पण कुणाला काही दाखवायचे कबूल केले असेल तर उद्यावर टाकू नका. देऊळ थांबते. बघणाऱ्याला थांबता येतेच असे नाही.

माझ्यावर कणकेच्या बोटांचे ठसे उमटतात. ते शोधून पुसायला वहीबाला आता माझ्या फार जवळ यावे लागते. इतकी जवळ की तिच्या श्वासाने मी धुरकटतो. मग ती मला बाहीने पुसते, शाझली बघत नाही ना याची खात्री करते आणि स्वतःलाच जीभ काढून दाखवते.