राजासोबत सुनीलही आला

सुनीलला पुण्याहून राळेगावजवळच्या बंजारा तांड्यात परत येऊन तीन महिने झाले होते, पण तो अजून आला नव्हता. निदान त्याच्या आईचं, बसंतीबाईचं, म्हणणं तसं होतं. तो शेजारी बसून चहा पीत असायचा आणि ती येणाऱ्याला सांगायची, "सुनील? तो तं पुण्याले हाय."

चूक सुनीलचीच. तांड्यात लांब गेलेलं माणूस परतलं की दाराबाहेर थांबतं. घरातली बाई त्याच्या गळ्यात पडून सूर लावून रडते आणि रडता रडताच कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कोणती म्हैस व्याली, सगळं सांगून टाकते. मगच ते माणूस आलं असं धरतात. चार वर्षांनी परतलेला सुनील मात्र कानात इअरफोन घालून थेट आत शिरला आणि म्हणाला, "याडी, चार्जर कुठं हाय?" याडीनं, म्हणजे आईनं, ओठावर आलेला सूर गिळला. मागून त्यानं किती विनवलं.

"रडणं काय मिक्सर हाय," ती म्हणाली, "बटन दाबलं का सुरू?"

शेवटी काहीच सुचेना म्हणून तो तिला यवतमाळला सिनेमाला घेऊन गेला. ग्रीक दंतकथेवरचा सिनेमा, हिंदीत बोलणारा. लाकडी घोडा नगरात ओढून नेताना त्यांच्याच रांगेत कडेला बसलेले रामराव नावाचे शेतकरी ओरडले, "अरे, फुकटात आलेलं पोतं आधी खोलून पाहा लागते!" त्यांच्या बायकोला, बेबीताईंना, एकडोळ्या राक्षसापेक्षा त्याच्या मेंढ्या पसंत पडल्या. "एकटा हाय बिचारा, पण जनावर कसं पोसलं पाहा!"

बसंतीबाई पॉपकॉर्न खात होती. मग घोड्याची युक्ती काढणारा राजा वीस वर्षांनी घरी आला आणि भिकाऱ्याच्या वेशात उंबऱ्यावर बसून राहिला. तिचा हात थांबला.

"पाह्य. राजा हाय, पण थांबला."

कुत्र्यानं शेपूट हलवली. राणी लांबूनच न्याहाळत राहिली.

"अवं, रड ना!" बसंतीबाईनं तिला सांगितलं. राणीनं ऐकलं नाही. तेव्हा बसंतीबाई उठली, पदर पुढं ओढला आणि राजासाठी स्वतःच सूर लावला, "ए मार वीरा रे..." भावाला सांगावं तसं तिनं राजाला सगळं सांगितलं. घरात फुकटखाऊ कसे ठाण मांडून बसलेत, पोरगं कसं बिनबापाचं वाढलं, आणि ओघातच कळंबचा मामा वारला, तेही. मामाचं सुनीललाही आत्ताच कळलं. जो पुण्यात आहे त्याला कोण सांगणार?

"खाली बसा!" कोणी तरी ओरडलं.

"चूप राह्य बे!" रामराव खेकसले. "त्या राजाचं इथं दुसरं कोण हाय?"

सुनीलच्या लक्षात आलं, सूर चालू आहे. तो वाकून रांगेतून निसटला, बाहेर गेला आणि लगेच परत दाराशी आला. दारावर तिकिटं तपासणाऱ्या इंद्रजितनं हात आडवा घातला.

"कुठं?"

"घरी. चार वर्षांपासून बाहेर हावो, दादा."

इंद्रजितनं त्याला खालून वर पाहिलं. "मंग इतके दिवस काहून नाही आला?" म्हणाला, आणि दार उघडून धरलं.

सुनील उंबऱ्यावर थांबला. उजेड आत गेला तशी बसंतीबाई वळली. पोरगा आत पाऊल टाकत नव्हता.

"ए मार बेटा रे!"

रामरावांच्या गुडघ्याला धक्का देऊन ती आली आणि त्याच्या गळ्यात पडली. चार वर्षं रडायची होती, पुरा वेळ लागला. तोवर पडद्यावर बाण सुटत होते, पण थिएटर दाराकडे पाहत होतं. बेबीताई पदरानं डोळे पुसत होत्या.

मग तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "कवा आला?"

"आत्ताच, याडी."

सुनीलनं पडद्याकडे वळून राजाला मनापासून हात जोडले. राजा कामात होता.