थेंबाची चाचणी

नळीच्या टोकाशी थेंब आधी फुगायचा, मग खालून जड होऊन लांबट व्हायचा आणि क्षणभर स्वतःला सावरून काचेच्या भांड्यात पडायचा. कधीतरी मात्र तो पडायचाच नाही. टेबलावरच्या सलाइनच्या पंपाचा पडदा ‘चालू आहे’ असं सांगत राहायचा आणि थेंब तिथेच लोंबकळत राहायचा.

ती टेबलाशी बसून ते बघत होती. या पंपाचं सॉफ्टवेअर तिची तुकडी लिहायची. कुणी एक ओळ जरी बदलली, तरी चाचण्यांची ठरलेली फेरी आपोआप सुरू व्हायची. सगळ्या पास झाल्या तरच बदल पुढे जायचा. फेरीत कुठल्या चाचण्या ठेवायच्या, हे तिच्या हातात होतं. फेरीबाहेरची चाचणी कुणी मुद्दाम मागितली तरच चालायची, आणि मुद्दाम कुणीच मागत नसे.

थेंब खरंच पडतोय का, हे बघणारी थेंबाची चाचणी खऱ्या पंपावर व्हायची. संथ आणि लहरी. ती नापास झाली की कुणीतरी ओरडायचं, “परत चालव!” दुसऱ्या खेपेला ती बहुधा पास व्हायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, अंगवळणी पडलं होतं. तिच्याही.

“काढ बाई एकदाची तिला फेरीतून,” तुकडीचा प्रमुख म्हणाला. त्याच्या पाठीमागे सगळे त्याला घाईसाहेब म्हणत. “आज पंपांचा माल गेला नाही तर विभागाला टाळं. वरून तसं स्पष्ट सांगितलंय.”

“ती का अडते, ते सापडलं नाहीये अजून.”

“सापडायचंय काय? सासूबाई आहेत त्या! रुसतात, दुसऱ्यांदा बोलावलं की येतात.”

दोघंतिघं हसले. ती हसली नाही. नळ्या बदलून झाल्या होत्या, वायरी बदलून झाल्या होत्या, सगळा कोड डोळे दुखेपर्यंत वाचून झाला होता. आता तिने हात टेकले होते. ‘उद्या बघू’ म्हणायला उद्याही उरला नव्हता. समोर हसणाऱ्यांपैकी एकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. एकाच्या घरी तो एकटाच कमावता होता.

फोन वाजला. धाकटी बहीण. मुलांच्या वॉर्डात नर्स.

“ताई, मला उशीर होईल गं, जेवून घे. तुमच्या पंपाने आज डोकं खाल्लं नुसतं.”

“काय झालं?”

“काही नाही. मध्येच रुसतो. चालू म्हणतो आणि थेंब पडत नाही. बंद करून परत चालू केला की होतो सरळ. सगळ्याजणी तेच करतो.”

“किती वेळ थांबला होता?”

“कोण बघत बसतंय? बाळाची आई रडायला लागली, तेव्हा लक्ष गेलं.”

“आणि बाळ?”

“आहे. आत्ता तरी ठीक आहे.”

“तो पंप काढ. आत्ताच्या आत्ता. दुसऱ्या कंपनीचा लाव, नाहीतर हाताने मोजून सोड. डॉक्टरांनाही सांग.”

तिने फोन ठेवला. संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती: थेंबाची चाचणी, नापास.

“परत चालव!” मागून कुणीतरी ओरडलं.

“नाही,” ती उठून उभी राहिली. “ही फेरीतच राहील, आणि एकदा नापास म्हणजे नापास. परत चालवायची नाही. आज माल जाणार नाही. बाहेर गेलेले पंपही परत मागवायचे.”